ब्रश्ड ॲल्युमिनियम फिल्म गाडीच्या आतून लावली, त्याला आता अकरा महिने झाले

गिअरभोवतीच्या पियानो ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळ्या प्लास्टिकच्या पॅनेलवर इतके बारीक ओरखडे पडले होते की उन्हात ते बघवत नव्हतं. पॅनेल बदलण्याऐवजी त्यावर आणि दारांच्या चारही पट्ट्यांवर ब्रश्ड ॲल्युमिनियमसारखी दिसणारी विनाइल फिल्म लावली. काम स्वतः केलं आणि मी समाधानी आहे, पण निवड नीट करावी लागते.

मी बरीच वर्षं लेथवर काम केलंय. पॉलिश पेपरने घासलेलं ॲल्युमिनियम कसं दिसतं ते डोळ्यांत पक्कं बसलेलं आहे. त्यावर प्रकाश पडला की चमकेचा पट्टा घासलेल्या रेषांना आडवा पसरतो, आणि मान हलवली की तोही सरकतो. मागवलेल्या नमुन्यांपैकी काहींवर रेषा नुसत्या छापलेल्या होत्या. त्यांची चमक हलतच नव्हती, त्यामुळे दुरूनही ते प्लास्टिकच वाटत होतं. ज्या फिल्मवर नख आडवं फिरवलं की रेषा जाणवतात, ती घेतली.

रेषांची दिशा हीच या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फिल्म वाचावी म्हणून मी मागच्या डाव्या दाराची पट्टी आडवी फिरवून कापली. लावल्यावर ती एकटीच काळपट दिसू लागली. फिल्म तीच, रंग तोच, फक्त रेषा उभ्या. दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा केली. फिल्म घेताना या कारणासाठी थोडी जास्तच घ्या, आणि कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या मागच्या कागदावर बाण काढून ठेवा.

फिल्म कास्ट आहे की कॅलेंडर्ड, हे विचारून घ्या. कास्ट फिल्म पातळ द्रव पसरवून, भाजून बनते, त्यामुळे तिच्यात ताण कमी असतो. कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरमधून दाबून काढतात. वळणावर ओढून बसवली तर ती मूळ आकारात परत येऊ पाहते आणि कडेला उचकटते. बंद गाडी उन्हात तापते तेव्हा हे लवकर होतं. सपाट पट्टीवर कॅलेंडर्ड चालेल. गिअरच्या गोलाईसाठी मी कास्टच घेतली. चिकट बाजूला हवा निघायला बारीक खाचा होत्या, त्यामुळे बुडबुडे स्क्वीजीने (फिल्म दाबून सपाट करायच्या पट्टीने) सहज निघाले.

एक कोपरा मात्र तीन महिन्यांत सुटला. आधी मारलेल्या डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन तिथे राहिलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसून, नवा तुकडा लावून, कडा हीट गनने तापवून दाबल्या. त्यानंतर आजवर काही झालेलं नाही. खडबडीत, मऊसर प्लास्टिकवर हा प्रयोग करू नका, चिकटायला पुरेशी जागाच मिळत नाही. आणि एअरबॅगच्या झाकणावर कुठलीही फिल्म कधीच लावू नका. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटूनच उघडायला हवं.

हात लावला की धातूचा गारवा लागत नाही, ही उणीव राहतेच. रेषांमध्ये हाताचा तेलकटपणा बसतो, तो मायक्रोफायबर कापडाने रेषांच्याच दिशेने पुसावा लागतो. पण ओरखडे दिसत नाहीत, आणि ज्या त्रासासाठी हे सगळं केलं तो संपला.

आरशासारखी क्रोम फिल्मही एका पट्टीवर लावून पाहिली होती. दुपारी तिचा कवडसा थेट डोळ्यांत यायचा. गाडी चालवताना हे धोक्याचं आहे, म्हणून त्याच आठवड्यात काढून टाकली.

दारांची आतली हँडल्स अजून तशीच आहेत. ती दोन्ही बाजूंनी वळलेली आहेत. फिल्म तिथे ताणली की रेषा फाकतात आणि नकलीपणा लगेच दिसतो. ती काढून प्रायमर, सॅटिन सिल्व्हर रंग आणि वर मॅट क्लिअर कोट असं करणार आहे.