फुप्फुसमाशाच्या कवटीचं मॉडेल, शाळांनी घ्याच!

मालवणला आमच्या शाळेसाठी मागवलं. ऑस्ट्रेलियात गोगो भागात चुनखडीच्या गोळ्यांमध्ये साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वीचे फुप्फुसमासे सापडतात, त्यातल्या कायरोडिप्टेरसची ही रेझिन कॉपी. एरवी जीवाश्मातला मासा दगडात दबून चपटा झालेला असतो, पण हे गोळे पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये ठेवले की चुनखडी हळूहळू विरघळते आणि हाडं जशीच्या तशी अख्खी बाहेर येतात, म्हणून मॉडेलही सगळीकडून फिरवून बघता येतं. टाळूवरच्या दातांच्या जाड प्लेट्स तर अप्रतिम केल्यात! रोज बांगडा-सुरमई बघणारी आमची पोरं पण हातातून सोडेनात. रंग मात्र उगाच चकचकीत, हाडासारखा मॅट हवा होता. आणि सोबतचं माहितीचं कार्ड प्लीज मराठीतपण द्या.