गोष्टीतल्या गरमीच्या पेशंटला कुठलं औषध द्यायचं: पारा, ६०६ की बिस्मथ?

पेनिसिलिनच्या आधीच्या काळातली गोष्ट लिहिताय आणि त्यातल्या कुणाला गरमी म्हणजे सिफिलिस झालाय, तर औषध असंच कुठलंही टाकू नका, प्रत्येकाची अंगावर उमटणारी खूण वेगळी असायची आणि वाचणाऱ्यात एखादा स्किनचा डॉक्टर निघाला तर लगेच पकडेल.

पारा सगळ्यात जुना, आपल्याकडे भावप्रकाश या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथातसुद्धा फिरंग रोगावर म्हणजे गरमीवर रसकापूर, म्हणजे पाऱ्याचंच औषध, सांगितलाय. मलम चोळायचे तिथे केसांच्या मुळाशी पुटकुळ्या, कधी अंगभर लाल पुरळ, पण खरे हाल तोंडाचे, लाळ थांबत नाही, हिरड्या सुजतात, दात हलतात. पोटॅशियम आयोडाइड हेही तेव्हाचं एक औषध, त्याने तोंडावर पुवाच्या फोडी यायच्या.

कातडीचाच प्रसंग रंगवायचा असेल तर माझं मत ६०६ ला, म्हणजे एर्लिख आणि हाता यांचं साल्व्हरसान, १९१० ला बाजारात आलेलं. हे आर्सेनिकचं औषध, शिरेतून द्यायचं, सुई जरा हुकली आणि बाहेर सांडलं की तिथलं मांस सडायचं. पण वेळेचं गणित सांभाळा, लोक इथेच घोळ घालतात. सुई देतानाच तोंड लालबुंद झालं तर ती एक रिअ‍ॅक्शन. काही तासांत ताप येऊन आधीचेच चट्टे भडकले तर ती यारिश-हर्क्सहायमर, जंतू मरताना होणारी, अ‍ॅलर्जी नव्हे, साधारण दिवसभरात ओसरते (आणि पाऱ्यानेही व्हायची बरं का). नवव्या दिवसाच्या आसपास ताप आणि लाल पुरळ आलं तर ते मिलियन या डॉक्टरच्या नावाने ओळखलं जाणारं पुरळ, आपोआप जातं. आणि काही आठवड्यांनी अंगभर खाज, सूज, कातडीचे पापुद्रे सुटणं, केस नखं गळणं, हे सगळ्यात वाईट, यात माणूस जायचासुद्धा.

बिस्मथ १९२१ नंतरच, त्याआधीच्या गोष्टीत चालणारच नाही. हिरड्यांवर निळसर काळी रेघ येते, बाकी आर्सेनिकपेक्षा बरंच सौम्य, पण कुल्ल्यातलं इंजेक्शन चुकून धमनीत गेलं तर तिथली कातडी निळीजांभळी जाळीदार होऊन नंतर काळी पडते, याला निकोलाऊ म्हणतात आणि हल्लीच्या दुखण्यावरच्या इंजेक्शनांनीही कधीतरी होतं.

१९१२ नंतरची गोष्ट असेल तर ६०६ ऐवजी ९१४ म्हणजे निओसाल्व्हरसान पण देता येईल, ते विरघळवायला सोपं होतं. फक्त पेशंटला एका सुईत बरा करू नका, १९२१ नंतर आर्सेनिक आणि बिस्मथचे कोर्स आलटून पालटून वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालायचे.