मे पँग आणि अनिता पॅलेनबर्ग: आधी कोणाचा माहितीपट पाहावा?

बीटल्सवाल्या जॉन लेननच्या सोबत राहिलेली मे पँग आणि रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या गोतावळ्यातली अनिता पॅलेनबर्ग. दोघींची ओळख वर्षानुवर्षं ‘अमक्याची मैत्रीण’ एवढीच राहिली. दोन्ही माहितीपट पाहण्याजोगे आहेत, पण एकच निवडायचा तर मी अनिताचा निवडेन.

‘द लॉस्ट वीकेंड: अ लव्ह स्टोरी’ (२०२२) मध्ये मे स्वतः बोलते. ती जॉन आणि त्याची बायको योको ओनो यांच्याकडे नोकरीला होती आणि जॉनशी तिचं नातं योकोनेच सुचवलं, असं ती सांगते. जॉनच्या ‘नंबर नाइन ड्रीम’ गाण्यातली ‘जॉन’ ही हाक तिचीच. जॉनचा मुलगा ज्युलियन याची वडिलांशी पुन्हा गाठ पडली त्यात तिचा वाटा मोठा, तो भाग फार हृद्य आहे. पण सगळा भर १९७३ ते ७५ या काळावर. मे पुन्हा लेननच्याच गोष्टीत अडकते.

‘कॅचिंग फायर’ (२०२३) मात्र अनिताला पूर्ण माणूस म्हणून दाखवतो. २०१७ साली ती गेल्यावर घरच्यांना तिच्या आत्मकथनाचं हस्तलिखित सापडलं. अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सन ते वाचते. स्टोन्सचा गिटारवादक ब्रायन जोन्सने तिला केलेली मारहाण, त्याच बँडच्या कीथ रिचर्ड्सबरोबरचा संसार, हेरॉइन, १९७६ साली गेलेलं तान्हं मूल, काहीच झाकलेलं नाही. मार्लन आणि अँजेला ही मुलं आईबद्दल मायेनं बोलतात, तरी घरातली आबाळ लपवत नाहीत. हा प्रामाणिकपणा मला सर्वात मोलाचा वाटला. खटकतो तो फक्त जोहान्सनचा अमेरिकी उच्चार. रोममध्ये वाढलेल्या अनिताला तो शोभत नाही.