क्रेनचा हेलकावा: सगळं नेटवर्कवर सोपवावं, की शेपरला त्याची जोड द्यावी?

टॉवर क्रेनच्या नियंत्रणात मशीन लर्निंग वापरायचं ठरलं की प्रोजेक्टसाठी दोन वाटा दिसतात. पहिलीत पीपीओ किंवा एसएसी (चुकत-सुधारत शिकवणाऱ्या रीइन्फोर्समेंट लर्निंगच्या पद्धती) घेऊन सिम्युलेशनमध्ये पॉलिसी, म्हणजे स्थिती पाहून आज्ञा ठरवणारं नेटवर्क, शिकवायची आणि ट्रॉली (भार आडवा नेणारी गाडी), स्ल्यू (क्रेनचा हात फिरवणं), हॉइस्ट (दोर वर-खाली करणं) या तिन्हींच्या आज्ञा तिच्याकडूनच घ्यायच्या. दुसरीत दोराला टांगलेल्या भाराचा हेलकावा मोडण्याचं मूळ काम इनपुट शेपिंगकडे (हेलकावा उरणार नाही असा आकार आज्ञेलाच देणं) ठेवायचं आणि शेपरला जे जमत नाही तेवढंच नेटवर्कला शिकवायचं. दोन्ही करून पाहिल्यावर माझा कल दुसरीकडे आहे. पहिली वाट टाकाऊ आहे असं मात्र नाही. काही विषयांत तिच्याशिवाय गत्यंतर नसतं.

शेपिंगची कल्पना जुनी आहे. ऑटो स्मिथ यांची पॉसिकास्ट पद्धत १९५७ची, तर सिंगर आणि सीरिंग यांनी १९९०मध्ये तिला आजचं रूप दिलं. झेडव्ही (झिरो व्हायब्रेशन) शेपर आज्ञेचे दोन समान भाग करतो आणि दुसरा भाग अर्ध्या झोक्याच्या वेळेनं उशिरा देतो, म्हणजे दोन्हींचे हेलकावे एकमेकांना खोडतात. गोम आहे ती अचूकतेत. उरलेला हेलकावा मूळच्या ५ टक्क्यांत ठेवायचा असेल, तर वारंवारितेचा अंदाज जेमतेम ३ टक्के चुकलेला चालतो. दोराच्या लांबीत मोजलं तर ६ टक्के. हॉइस्टचा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) लांबी सांगतो ती हुकपर्यंतची. त्याखाली स्लिंग असते आणि भाराचा गुरुत्वमध्य आणखी खाली. एन्कोडर २० मीटर दाखवतोय आणि गुरुत्वमध्य हुकच्या २ मीटर खाली आहे, एवढ्यानंच लांबी १० टक्के आणि वारंवारिता जवळपास ५ टक्के चुकते. झेडव्ही तिथेच हरतो.

यावर पुस्तकी उत्तर झेडव्हीडी, म्हणजे जास्त चूक सोसणारा शेपर: पाव, अर्धा, पाव असे तीन भाग. हा साधारण १४ टक्के चूक पचवतो, पण आज्ञा संपायला अर्ध्या झोक्याची वेळ जास्त लागते. २० मीटर दोरावर पूर्ण झोका सुमारे ९ सेकंदांचा, म्हणजे प्रत्येक हालचालीमागे साडेचार सेकंद वाढले. नेटवर्कला खरं काम आहे ते इथे. एन्कोडरची लांबी, लोड सेलचं वजन आणि हुकवरच्या जायरोची (झुलण्याचा कोनीय वेग मोजणारा सेन्सर) पहिल्या काही सेकंदांची नोंद द्या, उत्तरात एकच आकडा मागा: लांबीत किती मीटर मिळवायचे. ३२ न्यूरॉनचे दोन थर पुरतात. डेटा थोडा असेल तर गाउसियन प्रोसेस (थोड्या नोंदींवरूनही अंदाज देणारी सांख्यिकी पद्धत) बरी. नुसत्या वजनानं लोलकाची वारंवारिता बदलत नाही, पण वजनावरून भाराचा प्रकार आणि त्यासोबत येणारी स्लिंग ओळखता येते, म्हणून ते इनपुटमध्ये हवं. खरा आकडा मिळवण्यासाठी ट्रॉली थांबवून भार मोकळा झुलू द्या आणि जायरोच्या शून्य-छेदांवरून पाच झोक्यांची एकत्र वेळ मोजून पाचानं भागा. एकाच झोक्यावर विसंबलात तर सेन्सरचा नॉइज थेट उत्तरात उतरतो.

आता पहिल्या वाटेकडे. ट्रेनिंग सिम्युलेशनमध्येच करावं लागतं, कारण २० हर्ट्झवर दहा लाख पावलं म्हणजे क्रेनचे जवळपास १४ तास. त्यात प्रत्येक एपिसोडच्या (सरावाच्या फेरीच्या) आधी भार स्थिर व्हायला हवा. एक मीटर दोरावर डॅम्पिंग रेशो (झोका किती लवकर विरतो याचं माप) ०.००५ धरला तर हेलकावा सुमारे एक-तृतीयांशावर यायलाच मिनिटभर लागतो. प्रयोगशाळेतल्या छोट्या क्रेन-मॉडेलवर एवढी वाट कोण पाहणार? सिम्युलेशनला वेळ लागत नाही, आणि हेलकाव्याचे आलेख देखणे निघतात.

ज्या एका त्रासानं मी निकाल लावला तो याच देखण्या आलेखामागे दडलेला असतो. रिवॉर्डमध्ये (शिकताना पॉलिसीला मिळणाऱ्या गुणांत) फक्त लक्ष्यापासूनचं अंतर आणि हेलकाव्याचा कोन ठेवला, तर पॉलिसी लक्ष्याजवळ आली की दर पावलाला आज्ञा उलटवू लागते: पूर्ण पुढे, पूर्ण मागे, पुन्हा पूर्ण पुढे. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आज्ञा बदलण्याची किंमत रिवॉर्डमध्ये नाही, आणि मर्यादेबाहेर गेलेली आज्ञा कापली जात असल्यानं सरासरीनं मर्यादेपलीकडे सरकण्यालाही दंड नाही. सिम्युलेशनमध्ये हा थरथराट दिसतसुद्धा नाही. एक मीटर दोराचा, दोन सेकंदांचा लोलक २० हर्ट्झची धडपड गाळून टाकतो आणि कोनाचा आलेख गुळगुळीत राहतो. म्हणून कोनाच्या आलेखाखाली आज्ञेचा आलेख काढल्याशिवाय कुठल्याही पॉलिसीवर विश्वास ठेवू नये.

पॉलिसी छोट्या मॉडेलवर चढवल्यावर बिंग फुटतं. नेमा १७ स्टेपर (ठरावीक पायऱ्यांनी, फेऱ्याला २०० स्टेपनी, फिरणारी मोटर), २० दात्यांची पुली आणि २ मिलिमीटर पिचचा बेल्ट ही नेहमीची जुळणी घेतली, तर एका फेऱ्यात ट्रॉली ४० मिलिमीटर सरकते, म्हणजे पूर्ण स्टेपला ०.२ मिलिमीटर. आज्ञा अशी उलटसुलट झाली की स्टेपर स्टेप गमावतो, तेही चारच्या पटीत, त्यामुळे प्रत्येक घसरणीला किमान ०.८ मिलिमीटरची चूक साठते. ट्रॉलीवर वेगळा एन्कोडर नसेल तर पॉलिसी समजते की आपण पोचलो, आणि ट्रॉली भलतीकडेच उभी असते. खऱ्या क्रेनवर ड्राइव्हचा रॅम्प (वेग हळूहळूच बदलू देणारी मर्यादा) या आज्ञा गिळून टाकतो. पॉलिसीनं मागितलेला प्रवेग मिळतच नाही आणि गिअरच्या दात्यांमधल्या फटीत दणके बसत राहतात.

उपाय आहेत. रिवॉर्डमध्ये आज्ञेतील बदलाच्या वर्गाचा दंड घालता येतो. तो कमी पडला तर थरथराट राहतो, जास्त झाला तर पॉलिसी जागचं हलायचंच टाळते. बाहेरून लो-पास फिल्टर लावला तर विलंब वाढतो आणि न शिकलेल्या विलंबामुळे पॉलिसी लक्ष्याभोवती घुटमळते. फिल्टर ट्रेनिंगच्या आतच हवा आणि मागची आज्ञा ऑब्झर्व्हेशनमध्ये (पॉलिसीला दिसणाऱ्या माहितीत) हवी. सर्वांत चांगलं जमतं ते प्रवेगाऐवजी प्रवेगातला बदल हीच पॉलिसीची आज्ञा ठेवून त्याला मर्यादा घालणं, फक्त शिकणं संथ होतं. पण दोराच्या लांबीची कक्षा बदलली, ड्राइव्ह बदलला किंवा रिवॉर्डला एक नवी संज्ञा जोडली, की रिवॉर्डमधल्या दंडांचं हे गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. प्रोजेक्टचा वेळ क्रेनऐवजी दंडाचा गुणांक शोधण्यात जातो. तुमच्यात चिकाटी असेल तर कदाचित एवढं खुपणारही नाही; मला खुपलं.

शेपरच्या आज्ञेला हा रोग जडत नाही, कारण रॅम्प पाळणारी आज्ञा दोन-तीन भागांत विभागली तरी बेरजेत मूळ प्रवेगमर्यादा ओलांडत नाही.

पण शेपर आंधळा असतो हेही मान्य करायला हवं. वारा आला किंवा भार उचलतानाच झुलत असला, तर त्याला पत्ताही नसतो. ट्रॉली चालू असताना दोर वर ओढला की हेलकावा वाढतो, कारण लांबी कमी होत जाणं हे ऋण डॅम्पिंगसारखं काम करतं. एका ठरावीक वारंवारितेचा शेपर तिथे अपुरा पडतो. लांब स्लिंग आणि जड हुक असेल तर दुहेरी लोलक होतो, स्ल्यू फिरताना आडवा हेलकावा येतो. तुमचा प्रश्न मुळात हाच असेल तर पहिली वाट घ्या, किंवा शेपरवर छोटी रेसिड्युअल पॉलिसी (शेपरच्या आज्ञेत थोडी दुरुस्ती मिळवणारी) बसवा.

रेसिड्युअल घेताना तिचा अधिकार कमाल प्रवेगाच्या १५ टक्क्यांच्या आसपास बांधा आणि अर्ध्या अंशाखालच्या हेलकाव्याला तिला गप्प ठेवा. सर्वांत महत्त्वाचं, तिला नुसता मोजलेला कोन देऊ नका. शेपर स्वतःही मध्ये हेलकावा निर्माण करतो आणि नंतर खोडतो. पॉलिसी त्यालाच उपद्रव समजून दुसऱ्या भागाशी भांडत बसते. शेप केलेली आज्ञा लोलकाच्या गणिती मॉडेलमधून चालवा आणि मोजलेल्या व अपेक्षित कोनातला फरक तिला द्या.

विलंबाचंही भान ठेवा. कॅमेऱ्यावरून कोन काढताना १०० मिलिसेकंद सहज जातात. अर्ध्या मीटर दोरावर तो २५ अंशांचा फेज विलंब (पूर्ण झोका ३६० अंश धरून), ३० मीटरवर अवघा ३ अंशांचा. छोट्या मॉडेलवर बिघडलेली पॉलिसी मोठ्या क्रेनवर चालेलही, पण ते सिद्ध करायला विलंब लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करून चाचणी घ्यावी लागते. १००० रेषांचा एन्कोडर क्वाड्रेचरमध्ये (प्रत्येक रेषेमागे चार गणना) ०.०९ अंश दाखवतो आणि विलंब जवळपास नसतो. मॉडेलपुरता कॅमेऱ्यापेक्षा तोच घ्या.

आणि कुठलीही वाट घेतलीत तरी तुलना कच्च्या ट्यून केलेल्या पीआयडीशी (नेहमीचा फीडबॅक नियंत्रक) करू नका. साधा रॅम्प, योग्य लांबीचा झेडव्ही आणि झेडव्हीडी हे तिन्ही त्याच भारावर चालवा. पॉलिसी असेल तर निदान पाच वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक सुरुवातींवर) शिकवून त्यातली सर्वांत वाईटही आलेखात दाखवा.