103 घ्यावी का 201? मॉडेलवाल्यांसाठी

मित्र एन गेजचा (म्हणजे छोट्या आकाराच्या मॉडेल रेल्वेचा) जपानी लोकलचा सेट घेतोय आणि 103 का 201, म्हणजे जपानी लोकलच्या या दोन मॉडेलपैकी कोणतं, यात अडकलाय, त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतो. बॉक्सवर काय लिहिलंय ते सोडा.

रंगात 103 पुढे. 1963 पासून जवळपास 3,400 डबे बनले, तोक्योच्या प्रत्येक लाईनला वेगळा रंग: यामानोतेची हिरवी, केइहिन-तोहोकूची आकाशी, सोबूची पिवळी, जोबानची पाचूसारखी हिरवी. 201 म्हटलं की डोळ्यासमोर चुओची नारिंगीच येते, पिवळी आणि आकाशी पण होत्या म्हणा.

तोंड बघा. 103 सपाट, तीन काचा, वर एक मोठा दिवा. नंतर त्याच खोबणीत दोन छोटे दिवे बसवले, त्याला तिकडे चक्क डुकराचं नाक म्हणतात! 201 चं तोंड काळं, दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आजही मॉडर्न वाटतं.

मशिनरीत मात्र 201 भारी. 103 रेझिस्टरवाली, वीज उष्णतेत जायची, तोक्योच्या चियोदा सबवेत तर बोगदे तापायचे. 201 मध्ये चॉपर (वीज झटपट चालू-बंद करून मोटरला देणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट), ब्रेक मारला की वीज परत तारेत. दोन्ही 1500 व्होल्ट डीसी, आपली मुंबई लोकलही कित्येक वर्षं त्याच्यावरच धावली.

जागा कमी आणि रंगीबेरंगी स्टेशन हवं तर 103 चे चार डबे पुरे. 1980 नंतरचं तोक्यो उभं करायचं, दहा डब्यांना जागा आहे, तर 201, तीही 6+4, म्हणजे सहा आणि चार डब्यांचे दोन सेट जोडून.