साडेनऊनंतरचं जंगल: ठाणे-नवी मुंबईहून एका मुक्कामासाठी

खारघरहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, पोरांना जंगलात एक रात्र न्यायचंय. तंबू चालेल, कॉटेज असेल तर उत्तम. पण आईचे गुडघे लक्षात घेऊन सांग." तिने चार-पाच जागांचे फोटो, दर आणि अंतरं काढून ठेवली होती. मी म्हटलं, ते सगळं राहू दे. रात्री साडेनऊला तिथे काय ऐकू येतं, एवढंच विचार.

ही अक्कल मला पैसे मोजून आलीये. गेल्या वर्षी आम्ही एका धरणाच्या काठच्या खासगी कॅम्पला गेलो होतो. जाहिरातीत किर्र झाडी आणि लाकडी खोल्या होत्या. खोल्या होत्या, झाडीही होती, पण बरोबर साडेनऊला शेजारच्या गटाने स्पीकर लावला. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी आहे हे मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, वीकेंड आहे." धाकटा कानात कापूस घालून झोपला.

येऊर म्हणूनच मी पहिल्या फटक्यात बाद केलं. ठाणेकराला उपवनवरून वर चढलं की गारवा लागतो, पहाटे फिरायला त्याहून चांगली जागा नाही. पण येऊरला राहायचं म्हणजे बहुधा भाड्याचा बंगला. शनिवारी रात्री तिथे काय चालतं ते पायथ्याच्या सोसायट्यांना विचारा.

गंमत म्हणजे त्याच डोंगराच्या पलीकडे, बोरिवलीच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरलात तर सगळंच बदलतं. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल तेच, बिबटेही तेच. पण आत वनखात्याची विश्रामगृहं आहेत, तंबूंची सोय आहे आणि संध्याकाळी फिरायला आलेली गर्दी गेटबाहेर पडली की मुक्कामाचे मोजके लोक उरतात. सासूबाईंसाठी हे सर्वांत सोपं, गाडी जवळपर्यंत जाते. अडचण घोडबंदर रोडची. शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याहून तिथे पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सकाळी लवकर निघालेला माणूस अलिबाग गाठतो. सोमवारी उद्यान बंद, हेही लक्षात ठेवा. आणि अंधार पडल्यावर मूल एकटं बाथरूमलाही पाठवायचं नाही. बिबट्याचं घर आहे ते, आपण पाहुणे.

नणंदेच्या मनात मात्र कर्नाळा होतं, कारण पनवेलपासून अर्ध्या तासात गेट. १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य, जेमतेम १२ चौरस किलोमीटर, वर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. पक्ष्यांच्या बाबतीत एवढ्याशा जागेला तोड नाही. पावसाळ्याच्या तोंडाला तिबोटी खंड्या येतो, चिमणीएवढा पण रंगपेटी सांडल्यासारखा. मलबारी शीळ-कस्तूर ओढ्याकाठी शीळ घालतो तेव्हा कुणी टवाळ पोरगं झाडीत बसलंय असंच वाटतं. वनखात्याची राहण्याची सोय गेटजवळ आहे, म्हणजे गुडघ्यांना त्रास नाही.

मग साडेनऊची परीक्षा? तिथे कर्नाळा निम्म्या गुणांवर अडकतं. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो. स्पीकर नाही, दंगा नाही, पण घाट चढणाऱ्या ट्रकचा गिअर रात्रभर. ज्यांना पहाटे साडेसहाला दुर्बीण घेऊन पायवाटेवर असायचंय त्यांनी जरूर राहावं. पनवेलहून पहाटे येऊन जो तास हुकतो, तो मुक्कामाने मिळतो. रात्रीची शांतता हवी असेल त्यांनी दिवसात जाऊन घरी यावं.

प्रबळमाची नवी मुंबईच्या तरुण मंडळींची लाडकी. शेडुंग फाट्यावरून ठाकूरवाडी, तिथून दीड-दोन तासांची चढण आणि वर माचीवरच्या घरांमध्ये किंवा त्यांच्या अंगणातल्या तंबूत मुक्काम. समोर कलावंतिणीचा सुळका, ताटात पिठलं-भाकरी. गाडी वर जात नाही म्हणून गोंगाटही कमी जातो, कारण मोठा स्पीकर पाठीवर वाहणार कोण! पण संडास सामायिक, गादी पातळ आणि सासूबाईंचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात सुळक्याच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि बंदीही येते, तेव्हा नुसतं माचीवर बसायची तयारी असेल तरच जा.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी माहुली किल्ला आणि तानसा तलावाचा पट्टा. ठाण्याहून आसनगाव लोकलने ५२ किलोमीटर, पुढे रिक्षा. तानसा अभयारण्य तीनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. मुंबईला १८९२ पासून पाणी देणारा तलाव त्याच्या पोटात, आणि २०१४ साली इथेच रानपिंगळा दिसला. हा तोच घुबडाचा प्रकार, जो शतकभराहून जास्त काळ नाहीसा झाला असं समजत होते आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. जंगल मोठं आहे, हे खरं. पण शहापूर भागातले बरेच खासगी कॅम्प अभयारण्याच्या बाहेर, शेतजमिनीवर आहेत. नावात 'फॉरेस्ट' असलं म्हणून फॉरेस्ट होत नाही. नकाशावर हिरवी हद्द बघा आणि कॅम्प तिच्या आत आहे की बाहेर ते तपासा. आत असेल तर वन्यजीव कायद्याचा धाक असतो, शेकोटी आणि गाणी दोन्ही आवरती घ्यावी लागतात. बाहेर असेल तर सगळं मालकाच्या मर्जीवर.

शेवटचं फणसाड, आणि माझा कल लपवत नाही. जंजिऱ्याच्या नबाबाचं हे शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. सुमारे ५४ चौरस किलोमीटर, एका बाजूला समुद्र. ठाण्याहून जवळपास दीडशे किलोमीटर, म्हणजे चार तास धराच. दिवा-रोहा मेमूने रोह्याला उतरून मुरूडच्या रस्त्यालाही लागता येतं. सुपेगावच्या गेटजवळ वनखात्याचे तंबू आणि डॉर्मिटरी आहे, जेवण गावातल्या बाया करतात. आधी फोन करून किती माणसं ते सांगावं लागतं, ऐनवेळी गेलात तर चूल पेटलेली नसते.

इथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात जनावर तिथेच येतं, म्हणून बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून गणती होते. सकाळी वाटाड्या घेऊन निघालात की शेकरू फांदीवरून फांदीवर जाताना दिसण्याची आशा धरायला हरकत नाही, आणि गारंबीच्या वेलीच्या हातभर लांब शेंगा बघून पोरं वेडी होतात. रात्री नऊला जेवण, साडेनऊला बॅटरी बंद. मग जे ऐकू येतं त्यात माणसाचं काही नसतं. तंबू म्हणजे काही कॉटेज नाही. चार पायऱ्या, वाकून आत शिरणं, रात्री उठलं तर अंधारातून जाणं, हे सगळं आलं. एका रात्रीसाठी आठ तासांचा प्रवास महाग पडतो, दोन रात्री काढा.

हे सगळं ऐकून नणंद म्हणाली, मग आईला बोरिवलीला आणि पोरांना फणसाडला. मी म्हटलं, दोन सहली आणि दोन बिलं. तेवढ्यात सासूबाईंनी मागून फोन ओढला. "मला कशाला वेगळं काढता? डॉर्मिटरीत पलंग आहे ना? मग मी फणसाडला येते. फक्त मच्छरदाणी मिळते का, ते विचारा."

ते मात्र कुठल्याच फोटोत दिसत नव्हतं. उद्या दहानंतर फोन करते.