प्रार्थना शिकविणारे सहा गुरुवार : वसईतील एका वर्गाविषयी

वसई तालुक्यातील एका चर्चने प्रौढांसाठी चालविलेला प्रार्थनेचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. सहा गुरुवार, संध्याकाळी साडेसात ते नऊ, शुल्क दीडशे रुपये. त्यात झेरॉक्स केलेली पुस्तिका, प्लॅस्टिकच्या मण्यांची एक रोझरी (जपमाळ; तिच्यावर म्हणायच्या प्रार्थनेलाही रोझरीच म्हणतात) आणि चहा असे सारे आले. शिकविणाऱ्या दोघी होत्या : एक सिस्टर, म्हणजे व्रतस्थ धर्मभगिनी, आणि एक निवृत्त शिक्षिका.

मी जन्माने कॅथलिक असूनही अशा वर्गाला का बसले, हे सांगणे आवश्यक आहे. माझे बालपण मुंबईत आणि शिक्षण इंग्रजी माध्यमात झाल्यामुळे साऱ्या प्रार्थना मी इंग्रजीत पाठ केल्या होत्या. लग्नानंतर वसईत आले तेव्हा घरात रोज संध्याकाळी मराठीतून रोझरी होत असे आणि सासूबाईंच्या शेजारी बसून मी अकरा वर्षे केवळ ओठ हलवीत राहिले. ‘आमेन’ तेवढे खणखणीत म्हणत असे.

वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू ही की, तो पाठांतराला कमी लेखत नाही. पहिले दोन गुरुवार केवळ क्रुसाची खूण, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना आणि येशूच्या आईला, मरियेला, उद्देशून म्हणायची ‘नमो मारिया’ यांवर खर्च झाले. सुरुवातीला मला हे बालवाडीसारखे वाटले, परंतु सिस्टरांनी ‘नमो मारिया’ ज्या रीतीने उलगडून दाखविली, तशी ती मला आजवर कोणी दाखविली नव्हती. या प्रार्थनेचा पूर्वार्ध बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरियेला केलेल्या दोन अभिवादनांचा आहे, एक गॅब्रिएल दूताचे आणि दुसरे तिची नातलग एलिझाबेथ हिचे. ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ ही उत्तरार्धातील याचना मात्र पुढे चर्चने जोडली आणि 1568 सालच्या रोमन प्रार्थनाग्रंथात तिला आजचे रूप मिळाले. या दोन भागांच्या सांध्यावर येशूचे नाव आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 च्या रोझरीविषयक पत्रात याच नावाला प्रार्थनेची बिजागरी म्हटले आहे. म्हणून सिस्टर आम्हाला त्या नावाशी क्षणभर थांबायला लावीत आणि ‘आमेन’ होईपर्यंत बोटांतला मणी सोडू देत नसत. माझा मणी नेहमी शब्दांच्या पुढे पळत असे. ‘तुम्हाला कुठली गाडी पकडायची आहे का?’ असे त्यांनी एकदा हसत विचारले, तेव्हा मला घरची रोझरी आठवली, जिच्यात 53 वेळा ‘नमो मारिया’ आणि सहा वेळा प्रभूची प्रार्थना आम्ही बातम्या सुरू होण्याच्या आत उरकतो.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात बायबलच्या मननपूर्वक वाचनाची पद्धत शिकविली. बाराव्या शतकातील ग्विगो या कार्थुझियन मठवासीयाने तिच्या वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. यरीहोजवळच्या आंधळ्याचा उतारा आम्ही तीनदा वाचला आणि दहा मिनिटे गप्प बसलो. त्या दहा मिनिटांत माझ्या मनात भाजीचा हिशेब, मुलाची फी आणि आवाज करणारा छताचा पंखा एवढेच होते. शिक्षिकाबाईंना मी तसे प्रामाणिकपणे सांगितले, तेव्हा त्यांनी मन भरकटल्याचे दुःख करीत बसू नये, उताऱ्यातला एक शब्द धरून परत यावे, एवढेच सुचविले. माझ्या दृष्टीने हा सल्लाच दीडशे रुपयांचा होता.

आता उणिवा. लॉयोलाचे संत इग्नाशियस यांनी घालून दिलेले दिवसाअखेरचे आत्मपरीक्षण, म्हणजे कृतज्ञता, प्रकाशाची याचना, दिवसाचा आढावा, पश्चात्ताप आणि उद्याचा निश्चय, हे शेवटच्या गुरुवारी चहाआधीच्या वीस मिनिटांत गुंडाळले गेले. नोकरी करणाऱ्या माणसाला रात्री अंथरुणावर बसूनही करता येईल अशी ही प्रार्थना असल्याने तिला एक पूर्ण संध्याकाळ मिळायला हवी होती. पुस्तिकेतील काही पाने इतकी फिकी आहेत की प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, मला मोबाइलच्या उजेडात वाचावा लागला, आणि रोझरी तर तिसऱ्याच आठवड्यात तुटली.

दुसरी उणीव वाराची आहे आणि ती आयोजकांच्या ध्यानात आली नसावी. रोझरी म्हणताना येशू आणि मरिया यांच्या जीवनातील ज्या प्रसंगांचे मनन करतात त्यांना रहस्ये म्हणतात, आणि या रहस्यांना वार ठरलेले आहेत : सोमवार व शनिवार आनंदाची, मंगळवार व शुक्रवार दुःखाची, बुधवार व रविवार गौरवाची, आणि गुरुवारी 2002 मध्ये नव्याने जोडलेली प्रकाशाची. वर्ग गुरुवारीच भरत असल्याने सहाही आठवडे आम्ही येशूच्या यार्देन नदीतील बाप्तिस्म्यापासून पवित्र मिस्साच्या स्थापनेपर्यंतच फिरत राहिलो. गेथशेमाने बागेतील वेदना किंवा काट्यांचा मुकुट या दुःखाच्या रहस्यांशी आमची गाठ केवळ पुस्तिकेतील यादीत पडली. पुढच्या वेळी वार आलटून पालटून ठेवावेत, असे मी अभिप्रायाच्या वहीत लिहिले आहे.

संस्कारांची तयारी करणाऱ्यांसाठी हा वर्ग नव्हे, त्यासाठी धर्मशिक्षणाचे वेगळे वर्ग असतात. परंतु माझ्यासारखे परभाषेत शिकलेले, किंवा प्रार्थना येत असूनही ती आपली वाटत नाही असे म्हणणारे यांनी जरूर जावे, आणि जाताना घरची मजबूत रोझरी सोबत न्यावी. मागच्या गुरुवारी घरी मी प्रथमच मराठीतून रोझरी सांगितली. सासूबाईंच्या जुन्या सवयीनुसार गुरुवार आनंदाच्या रहस्यांचा. त्यामुळे मी प्रकाशाच्या रहस्यांपैकी काना गावच्या लग्नाचे रहस्य उच्चारताच त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले, क्षणभर थांबल्या, आणि मग ‘नमो मारिया’चा उत्तरार्ध म्हणू लागल्या.